टेबलामागची ताई आता काय काय करते?



2024 चा जुलै महिना आठवतो का? आमच्या आंधळगावकडे रोवणीचे दिवस होते. सकाळी पऱ्हे उपटायला जायचे आणि दुपारी चिखलाचे पाय धुऊन ग्रामपंचायतीसमोर रांगेत बसायचे. पिशवीत आधार, रेशनकार्ड, पासबुक. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरले जात होते. कोणाचा अर्ज अंगणवाडीताईने भरला, कोणाचा सीआरपी ताईने, कोणाचा केंद्रावरच्या मुलीने. दिवसा अ‍ॅप चालेना, म्हणून रात्री मुले झोपल्यावर मोबाइल घेऊन बसलेल्या तायाही आम्ही पाहिल्या. भरलेल्या अर्जामागे त्यांना 50 रुपये मिळणार होते.

ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे मिळून 3,000 रुपये काहींच्या खात्यात आले, काहींच्या नाही. रांगेतली एक मावशी आम्हाला म्हणाली, “फारम तर सारखाच भरला ना बापा, मंग मलेच काऊन नाही आले?”

केंद्रावरच्या मुलीने तिला विचारले, “मावशी, तुमचे आणखी कोणत्या बँकेत खाते आहे का?” होते. कधीतरी गॅसच्या सबसिडीसाठी काढलेले, आणि पासबुक पेटीच्या तळाशी. पैसा तिथे जाऊन पडला होता.

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती प्रत्येकीला लागते. आधारच्या आधारे येणारा सरकारी पैसा अर्जावर लिहिलेल्या खाते क्रमांकावर जातोच असे नाही. आपले आधार पैसे मिळण्यासाठी ज्या बँकेशी शेवटी जोडले गेले, त्या बँकेत तो जातो. बँकेत आधारची झेरॉक्स देऊन केवायसी करणे ही एक गोष्ट आणि अनुदानासाठी आधार जोडणे ही दुसरी. पहिली झाली म्हणजे दुसरी झाली, असे नसते. दुसरीसाठी बँकेत वेगळा संमती अर्ज द्यावा लागतो.

त्या मुलीला हे कोणी वर्गात शिकवले नव्हते. तिने चार ठिकाणी विचारून, चुका करून ते शिकून घेतले. तिच्या टेबलावर पाटी आहे ‘संगणक परिचालक’, म्हणजे यंत्र चालवणारी. पण मावशीचे काम यंत्राने झाले नाही, तिच्या त्या एका प्रश्नाने झाले. आज बोलायचे आहे ते याच बाईच्या कामाबद्दल. कचेरीतली सहायक, गटाची लेखनिका, ग्रामसंघाची लेखापाल, केंद्रावरची मुलगी. नावे वेगळी, पण टेबलामागचे काम एकाच दिशेने बदलले आहे.

आधी हे काम म्हणजे दुसऱ्याने सांगितलेले लिहून देणे होते. साहेब बोलणार, लघुलेखक उतरवून घेणार, टंकलेखक टाइप करणार, लिपिक आवक-जावक नोंदवून फाइलला लावणार. गोदरेज कंपनीने 1955 साली भारतात तयार झालेला पहिला टाइपरायटर आणला. त्यानंतर तालुक्याच्या गावी टायपिंगचे क्लास निघाले. 1964 च्या राजभाषा अधिनियमाने राज्याचा कारभार मराठीत आणायचे ठरले आणि मराठी टायपिंगलाही भाव आला. मिनिटाला मराठी 30 शब्द किंवा इंग्रजी 40 शब्द, ही लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीची अट घराघरात पाठ होती. गोदरेजने 2009 च्या सुमारास टाइपरायटर बनवणे थांबवले. परीक्षाही आता संगणकावर होते. पण 30 आणि 40 हे आकडे तसेच राहिले, आणि त्यांच्यासोबत एक समजूतही राहिली, की या कामात जिचा हात जलद ती हुशार.

गावात संगणक आला तो 2011 च्या ‘संग्राम’ प्रकल्पाने. ग्रामपंचायतीचे 1 ते 33 नमुने, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा नमुना 8 असो की रोकडवही, ते संगणकावर चढवण्यासाठी डाटा एंट्री ऑपरेटर नेमले गेले. 2016 पासून त्याजागी ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आले. 2020 मध्ये ई-ग्रामस्वराज आले आणि पंधराव्या वित्त आयोगाचा खर्च त्यावर चढू लागला. आपल्या ‘उमेद’च्या गटांचेही तेच झाले. वहीत लिहिलेला हिशोब आता सीआरपी ताई ‘लोकओएस’ अ‍ॅपमध्ये टाकते. दहा-बारा वर्षांत, आधी दुसऱ्याचे लिहून देणाऱ्या बाईच्या हातात पासवर्ड आला, ओटीपी आला आणि गावाची सगळी माहिती आली.

आता थोडे आमच्या घरचे सांगतो. आंधळगाव हातमागाचे आणि कोशाचे गाव. मागावर बसायचा पुरुष, पण कांड्या भरणे, धागा उकलणे, ताणा लावायला हात देणे हे घरातल्या बायांचे काम. सूत किती दिले, लुगडी किती परत आली, मजुरी किती, हे मालकाच्या वहीत असायचे. त्या वहीत आमच्या आज्या-सासवांचे नाव आम्हाला कधी दिसले नाही. काम दोघांचे आणि खाते एकाचे. ज्याच्या हातात वही, त्याने ज्याचे नाव लिहिले त्याचेच काम मोजले गेले. म्हणून लिहिण्याचे काम आमच्या गटातल्या मुली शिकतात, तेव्हा आम्ही त्याला नुसते ‘कम्प्युटरचे काम’ म्हणत नाही.

शिकायचे कुठे, हा प्रश्न आम्हाला नेहमी येतो. दहावी झालेल्या मुलीसाठी आयटीआयमध्ये ‘कोपा’ नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्यात संगणक चालवणे आणि प्रोग्रामिंगची तोंडओळख होते. लघुलेखन आणि कार्यालयीन सहायक असाही एक वर्षाचा ट्रेड आयटीआयच्या यादीत आहे, पण तो प्रत्येक संस्थेत नसतो, म्हणून प्रवेशाआधी आपल्या आयटीआयत जाऊन विचारा. टायपिंगचा कोर्स सहा महिन्यांचा, परीक्षा राज्य परीक्षा परिषदेची. एमएससीआयटी तर आता जवळपास सर्वांना माहीत आहे. जिच्यामागे घर, शेत आणि म्हातारी सासू आहे, तिने जिल्ह्यातल्या बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, चौकशी करावी. तिथे शिकवणे, राहणे, जेवणे मोफत असते.

टायपिंग शिकायचेच असेल तर युनिकोडमध्ये शिका, एवढा आमचा आग्रह. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले सुंदर पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की नुसती चित्रविचित्र चिन्हे दिसतात. आमचा एक ठराव असाच तालुक्याला पोहोचला होता. साहेबांना वाटले, आम्ही चेष्टा केली.

हे सगळे कोर्स हात तयार करतात. पण कागद वाचायला कोण शिकवणार?

नावाचेच बघा. आधारवर ‘सुनंदाबाई’, बँकेत ‘सुनंदा’, रेशनकार्डावर माहेरचे आडनाव. इंग्रजीत तर गावाचे नावही तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते, कुठे शेवटी ओ आहे, कुठे व्ही. माणसाला कळते की बाई एकच आहे. यंत्राला कळत नाही, ते अर्ज परत पाठवते. आता मोबाइलवर मराठीत बोलले की अक्षरे आपोआप उमटतात, पत्राचा मसुदाही यंत्र करून देते. छानच सोय आहे, आम्हीही वापरतो. पण तेच यंत्र ‘आंधळगाव’चे ‘अंधळगाव’ करते आणि आपण घाईत पुढे पाठवतो. लिहिण्याचा वेळ वाचला, तपासण्याचा वाढला. चांगली सहायक आता ओळखावी ती यावरून, की पाठवायच्या आधी ती बाईला स्क्रीन दाखवून विचारते का, “ताई, हे नाव आधारवर असेच आहे ना?”

दुसरी शिकायची गोष्ट म्हणजे दिलेला कागद पोहोचल्याची खूण ठेवणे. अर्जाचा क्रमांक, तारीख, पोच. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने जन्म-मृत्यूचा दाखला, नमुना 8 चा उतारा, येणे बाकी नसल्याचा दाखला अशा सेवांना मुदत घालून दिली आहे. मुदतीत काम झाले नाही तर अपील करता येते. पण पोचच नसेल, तर मुदत मोजायची कोणत्या दिवसापासून? कोणत्या सेवेला किती दिवस आणि अपील कोणाकडे, याचा फलक कार्यालयात लावायचा असतो. नसेल तर ग्रामसभेत विचारा. टेबलामागची ताई यावर रागावणार नाही. उलट पोचवहीमुळे तिच्यावरचा आळही टळतो.

आता जरा नाजूक गोष्ट.

आमच्या माहितीतल्या एका गावात (नाव सांगत नाही) केंद्रावरची मुलगी लग्नासाठी आठ दिवस माहेरी गेली. ओटीपी तिच्या मोबाइलवर यायचा, पासवर्ड तिलाच पाठ. आठ दिवस दाखले बंद. शाळेत नाव घालायचे होते, त्या आया रोज हेलपाटे घालून आल्या. सगळे तिच्यावर चिडले. पण एकाच बाईवर सारे टाकून तिच्या रजेची सोय कोणी केली नव्हती, हे कोणी म्हणाले नाही.

याची दुसरी बाजू अधिक काळजीची आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यातून काढायला सरपंच आणि ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, या दोघांची डिजिटल सही लागते. ती सही पेनड्राइव्हसारख्या एका लहान वस्तूत असते. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तिला हाताच्या सहीइतकीच किंमत दिली आहे. आपल्या राज्यात निम्मी सरपंचपदे बायांसाठी आहेत. यातल्या किती जणींची ती सही त्यांच्या स्वतःच्या पेटीत आहे? “ते तं ऑफिसातच असते, मले त्यातलं काय समजते,” असे सांगणाऱ्या सरपंचताई आम्हाला भेटल्या आहेत. कोऱ्या चेकवर सही करून ठेवण्यासारखेच हे झाले. यात सहायक मुलीचाही बळी जातो. उद्या काही चुकीचे बिल निघाले, तर बोट तिच्याकडेच वळते, कारण कळ तिने दाबलेली असते.

म्हणून आमच्या ग्रामसंघात बऱ्याच वादानंतर काही गोष्टी ठरवल्या. वाद झाला, कारण काही जणींना वाटले की लेखापाल ताईवर आपण संशय घेतो. तीच म्हणाली, “घ्या संशय, माझी रात्रीची झोप तरी होईल.” तेव्हापासून अ‍ॅपमध्ये नोंद करण्याआधी ती बैठकीत आकडा मोठ्याने वाचते, आणि दोघी आपल्या पासबुकाशी ताडून पाहतात. ज्या दिवशी पैसा गोळा होतो, त्याच दिवशी नोंद. चार बैठकांचे एकदम आठवून लिहायचे नाही. आम्ही तसे एकदा केले होते. कर्जाच्या वेळी बँकेने वही मागितली, तेव्हा चारही महिन्यांचे लिखाण एकाच पेनाने, एकाच बसणीत केलेले लगेच दिसले आणि कर्ज लांबले. चूक आमचीच होती. तिच्यासोबत दुसरी एक मुलगी काम शिकते, म्हणजे पहिलीला बाळंतपणाची रजा घेता येते. आणि ओटीपी ज्याचा त्याने स्वतः वाचून द्यायचा, मोबाइल टेबलावर सोडून जायचे नाही. आधारची झेरॉक्स देताना जिथे चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत देतो.

पैशाचे बोलल्याशिवाय हे पुरे होणार नाही. संगणक परिचालकांनी मानधनासाठी आणि कर्मचारी म्हणून मान्यतेसाठी नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चे काढले, ते आपण बातम्यांत पाहिले आहेत. गटातली गोष्ट काही फार वेगळी नाही. वही लिहिणाऱ्या ताईला आपण पुष्कळदा म्हणतो, “तू शिकलेली आहेस, लिही ना दोन ओळी.” त्या दोन ओळींना महिन्याकाठी चार संध्याकाळी जातात, तालुक्याचे भाडे वेगळे. पुरुषांच्या संस्थेत मुनीम फुकट लिहीत नसे. आमच्याकडे या कामाचे मानधन आता ठरावात लिहिले आहे. रक्कम लहान आहे, पण ती इतर खर्चाआधी निघते.

त्या मावशीचे 3,000 रुपये तिला मिळाले. दुसऱ्या बँकेत जाऊन तिने काढले, आणि येताना आधार आपल्या जवळच्या बँकेत जोडण्याचा अर्ज देऊन आली. अर्ज भरायला सोबत गेली ती आमची शिकाऊ मुलगी. तिने पोच घेतली का, हे मावशीनेच तिला दोनदा विचारले.