रायणीच्या मुळांवर चिकू

‘वारसा जपणारं बागांचं गाव’ असा लेख संपादकांना हवा होता. चिंचणीत तसा फलक नाही, तिकीटखिडकीही नाही. खाडीच्या एका काठाला तारापूर, पालघर तालुक्यातलं. दुसऱ्या काठाला चिंचणी, डहाणू तालुक्यातली. दोन्ही नावं लोक एका दमात घेतात, पण कायद्याच्या दृष्टीने या खाडीला फार मोल आहे.

इतिहास थोडक्यात. 1955 साली इथे राष्ट्रकूटांचे ताम्रपट सापडले. त्यातल्या शके 848 च्या पटात संजाण प्रांताचा अरब सामंत महंमद एका देवीच्या मठिकेला जमीन देऊ देतो. मुसलमान सुभेदार, हिंदू देवी, संस्कृत मजकूर! शाळेच्या पुस्तकात हे का नाही, कोण जाणे.

मी मात्र रमलो ते वाडीत. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून आपण त्याला इथलाच मानतो. खरं तर झाड मध्य अमेरिकेकडचं. ते इथे उभं राहतं रायण या दुसऱ्या झाडाच्या मुळांवर. कुंडीतलं रायणीचं रोप कालीपत्ती जातीच्या चिकूच्या मोठ्या झाडाशी नेऊन ठेवायचं, दोघांच्या साली तासून एकमेकांना घट्ट बांधायच्या, जीव जुळला की सांध्याखाली चिकूची फांदी मोठ्या झाडापासून कापून वेगळी करायची आणि सांध्यावरचा रायणीचा शेंडा छाटायचा. हे भेट कलम. रायण हळू वाढते, पण चिवट असते आणि आपला हक्क सोडत नाही. सांध्याखालून तिचा फुटवा आला आणि कोणी खुडला नाही, तर ती चिकूला मागे सारते. म्हणून वाडीत फिरणारा माणूस आधी बुंध्याकडे बघतो, फळाकडे नंतर.

फळ काढतानाही असंच. चिकू झाडावर पिकत नाही आणि रंगाने फारसं सांगतही नाही. नखाने साल खरवडायची: खाली हिरवं दिसलं तर राहू द्यायचं, पिवळसर दिसलं तर तोडायचं. कोवळ्या फळाचा चीक जास्त वाहतो. लांब काठीच्या टोकाला जाळी लावून हे काम करणारे बरेचसे हात पूर्वेकडच्या आदिवासी पाड्यांतून येतात. मानांकनाच्या कौतुकात त्यांचा उल्लेख कुणी करत नाही.

वाडी नुसत्या प्रेमावर टिकत नाही. या किनाऱ्यावर घराघरांत दागिन्यांचे साचे घडवणारे डायमेकर आहेत. चिकूचा भाव पडला की असा हातचा धंदा घर सावरतो. दुसरा आधार कायद्याचा. जून 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि उद्योगांना 500 एकरांची मर्यादा आली. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 1996 ला निकाल दिला, त्यातून न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याच्या पर्यावरण रक्षणासाठी प्राधिकरण आलं. खाडीपलीकडे 1969 पासून अणुवीज केंद्र आणि बोईसरची एमआयडीसी, अलीकडे वाड्या. फरक एका अधिसूचनेचा, आणि ती कागदावर मरू न देणाऱ्या लोकांचा. डहाणूच्या औष्णिक केंद्राला गंधक रोखणारी यंत्रणा बसवावी लागली, तीही त्यांच्याच रेट्यामुळे.

याच प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवणच्या प्रस्तावित बंदराला नकार दिला होता. 31 जुलै 2023 ला त्याच नावाच्या प्राधिकरणाने परवानगी दिली. जून 2024 मध्ये 76,220 कोटींच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, ऑगस्टमध्ये पालघरला पायाभरणी झाली. वाढवण चिंचणीपासून वरोर ओलांडलं की आलंच. समुद्रात 1,448 हेक्टर भराव पडणार आहे. मच्छीमारांचा विरोध बातम्यांत दिसतो, वाडीवाल्यांची काळजी सहसा दिसत नाही: बंदराला लागणारा दगड कुठल्या डोंगरातून येणार, ट्रक कुठल्या रस्त्याने जाणार, जमिनीचे भाव चढले की मुलगा रायणीचं रोप लावेल की प्लॉट पाडेल?

बंदर देशाला हवं असेल, तो वाद वेगळा. पण चिकूची वाडी ‘पुनर्वसित’ करता येत नाही. नवं कलम तीन-चार वर्षांनी फळ धरतं, भरात यायला आणखी वर्षं लागतात. नुकसानभरपाईचा तक्ता करणाऱ्या अधिकाऱ्याने आधी एखाद्या वाडीत जाऊन झाडांची वयं विचारावीत, मगच आकडा लिहावा.