बांधकाम सोडून मुलांकडे

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. निम्न तेरणा धरणाचं माकणी, शेजारचं सास्तूर, पलीकडचं किल्लारी हा लातूर-उस्मानाबादचा सगळा पट्टा दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरांचा, त्यामुळे बळी हजारोंनी गेले.

या भूकंपातल्या मुलांसाठी उभे राहिले शांतिलाल मुथ्था, मूळचे बीड जिल्ह्यातले. पुण्यात बांधकाम व्यवसायात जम बसलेला असताना, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, त्यांनी धंदा सोडला आणि १९८५ मध्ये भारतीय जैन संघटना उभी केली. भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादची सुमारे १,२०० मुलं त्यांनी शिक्षणासाठी पुण्याला नेली. पुढे वाघोलीचं शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातूनच घडलं. मदतीचे ट्रक काही आठवड्यांत आटतात. पोराची शाळा, वसतिगृह, रात्री दचकून उठणं हे वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं. मुथ्थांचं मोठेपण मला या चिकाटीत दिसतं. मेळघाटातली आदिवासी मुलं आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतली मुलंही नंतर याच केंद्रात शिकली.