फुले वाडा : थाट नसलेली वास्तू

पुण्यात ‘वाडा’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो विश्रामबाग, त्याच्या सुरूच्या घाटाच्या कोरीव खांबांसह. गंज पेठेतील महात्मा जोतीराव फुले यांच्या घराचा त्या थाटाशी काडीचाही संबंध नाही. उतरते कौलारू छप्पर, लाकडी खांब, बेताच्या खोल्या आणि मोकळे अंगण. नावाला वाडा, बांधणी साध्या घराची.

तरीही या राज्य संरक्षित स्मारकाचे मोल मोठे आहे, ते पाण्यामुळे. पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळांतून शहरातील हौदांत खेळवले गेले. मात्र ते कोणी भरावे, हे जात ठरवत असे. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. भिंत न पाडता घराची रचनाच बदलली!

देह घराच्या आवारातच मिठात पुरावा, ही त्यांची इच्छा. पण वस्तीत दफनाला नगरपालिकेने परवानगी नाकारली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. दहनानंतर अस्थी त्याच नियोजित जागी ठेवण्यात आल्या. कर्मकांडावर आयुष्यभर प्रहार करणाऱ्याच्या या समाधीला घाट मात्र तुळशी वृंदावनाचा आहे.