काट्याची पावती आणि कॉम्प्युटरची चारी



मागे एका गळीत हंगामातली गोष्ट. पंधरवड्याच्या बिलाची कच्ची यादी गट ऑफिसच्या फलकावर लागली, आणि एक सभासद ताई काट्याची पावती घेऊन आमच्यापुढे उभ्या राहिल्या. "भाऊ, माझी शेवटची ट्रॉली कुठं गेली?"

पावती खरी, वजन खरे, सही खरी. हिशेब खात्याच्या कॉम्प्युटरवर मात्र ती गाडीच नव्हती! "कोड नंबर चुकला असेल," असे आम्ही सांगून मोकळे झालो. तो आमचा उतावीळपणा होता, हे कबूल करतो. शोध घेतला तेव्हा पंधरवड्याच्या शेवटच्या दोन दिवसांतली कोणाचीच गाडी यादीत सापडेना. बँकेत यादी दुसऱ्या दिवशी जायची होती. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. म्हणजे वेळ थोडा होता.

झाले काय होते? काटा, शेतकी, हिशेब या साऱ्या विभागांच्या नोंदी सर्व्हर नावाच्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर असतात. ती आपली विहीर समजा. प्रत्येक टेबलावरच्या कॉम्प्युटरवर फक्त फॉर्म आणि अहवालांची फाईल असते. विहिरीपासून तिथपर्यंत चारी काढलेली असते, तिला 'लिंक' म्हणतात. या लिंकमध्ये मूळ फाईलचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. विहिरीची जागा बदलली तरी चारी आपोआप वळत नाही!

त्या दोन दिवसांआधी आम्ही नवा सर्व्हर बसवला होता. दोन कॉम्प्युटर लगेच ओरडले, 'फाईल सापडत नाही.' ते तासाभरात दुरुस्त झाले. हिशेबाचा कॉम्प्युटर मात्र गप्प राहिला. त्याच्या बाकीच्या लिंका नव्या सर्व्हरवर वळवल्या होत्या, पण काट्याच्या नोंदींची एक लिंक जुन्याच जागी राहिली, आणि जुना सर्व्हर अजून चालू होता. मग तक्रार करील कोण? जुन्या विहिरीतले साचलेले पाणी येतच राहिले. ओरडणारा बिघाड परवडला, गप्प बसणारा नको.

त्या रात्री लिंक वळवली, काट्यावरचा शेवटचा पावती नंबर आणि हिशेबातला शेवटचा नंबर ताडून पाहिला, आणि सुधारलेली यादी सकाळी बँकेत गेली. त्या अनुभवावरून ऑफिसात आम्ही काही नियम पाळू लागलो, ते असे :

१. लिंकमध्ये 'झेड ड्राइव्ह' अशी अक्षरी खूण न वापरता सर्व्हरचे नाव आणि फोल्डर असा पूर्ण पत्ता वापरायचा. अक्षर प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळे असू शकते.

२. सर्व्हर बदलला की एकूण एक टेबलाची लिंक तपासायची. जुन्या फाईलचे नाव बदलून ती बाजूला ठेवायची.

३. काम करणाऱ्यास त्या फोल्डरमध्ये लिहिण्याचीही परवानगी हवी. फाईल उघडताना तिथे एक छोटी कुलपाची फाईल तयार होते. ती होऊ शकली नाही, तर सर्वांना एकत्र काम करता येत नाही.

४. फाईलची साफसफाई व दुरुस्ती सर्वांनी काम बंद केल्यावरच, आणि आधी प्रत काढून.

५. बिल काढण्यापूर्वी दोन्हीकडचे शेवटचे पावती नंबर आणि एकूण टनेज जुळवायचे.

१९९८ साली कोल्हापूरकडे वारणा परिसरातील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे निघाली. ऊस उत्पादकाला आपला हिशेब गावातच दिसावा हा हेतू. हेतू चांगलाच. पण पडद्यावरचा आकडा कोणत्या विहिरीतून आला, हे विचारणारा माणूस लागतोच.

आपल्याकडे त्या ताईंनी तो प्रश्न विचारला, म्हणून दिंडोरी-निफाडकडच्या कितीतरी घरांचे पैसे वेळेवर मिळाले. तेव्हा विनंती एवढीच : काट्याची पावती बिल हाती पडेपर्यंत जपून ठेवा, यादीशी ताडून पाहा, आणि फरक दिसला तर न संकोचता ऑफिसात या. आम्ही आता 'कोड चुकला असेल' असे म्हणणार नाही. आधी तपासू.