कंपनीचे विसर्जन : कायद्याला मान्य असलेली कारणे

चार-पाच डॉक्टर मित्रांनी एकत्र येऊन रुग्णालय उभारण्याची प्रथा आता आपल्या व्यवसायात रुजली आहे. त्यासाठी पुष्कळदा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी स्थापन केली जाते. कारण वैयक्तिक हमी दिलेली नसेल, तर भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागभांडवलापुरतीच मर्यादित राहते. मात्र ही कंपनी पुढे बंद करावी लागली तर कशी करायची, याचा विचार आरंभी क्वचितच होतो. फलक उतरवून दाराला कुलूप लावले म्हणजे कंपनी संपत नाही. अर्भकाच्या जन्माप्रमाणे कंपनीचा जन्मही नोंदवला जातो आणि तिचा शेवटही रीतसर नोंदवावाच लागतो.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २७१ नुसार राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण पाच कारणांवरून समापनाचा आदेश देऊ शकते : कंपनीने तसा विशेष ठराव, म्हणजे तीन-चतुर्थांश बहुमताने, संमत करणे, देशाचे सार्वभौमत्व, सुरक्षितता वा सार्वजनिक सुव्यवस्था यांविरुद्ध वर्तन, कपटाने चालवलेला कारभार, सलग पाच वर्षे वित्तीय विवरणे किंवा वार्षिक विवरणपत्रे दाखल न करणे, आणि समापन करणे ‘न्याय्य व उचित’ आहे असे न्यायाधिकरणाचे मत होणे.

कर्ज फेडण्याची असमर्थता या यादीत आता नाही. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने तो विषय स्वतःकडे घेतला. तेथे प्रथम कंपनी वाचवण्याचा प्रयत्न होतो; तो फसला तरच मालमत्तेची विक्री व विसर्जन.

व्यवहार थंडावलेल्या कंपनीसाठी कलम २४८ चा सोपा मार्ग आहे. सर्व देणी चुकती करून भागधारकांच्या संमतीने नोंदवहीतून नाव कमी करण्याचा अर्ज करता येतो. सलग दोन वर्षे व्यवसाय नसल्यास निबंधक स्वतःहूनही ही कारवाई करू शकतात. परंतु नाव कमी झाले तरी संचालकांचे दायित्व संपत नाही. रुग्णाचा जुना दावा किंवा कर्मचाऱ्यांचे थकीत वेतन त्याने पुसले जात नाही.

सर्वांत नाजूक कारण ‘न्याय्य व उचित’ हे होय. इंग्लंडमधील येनिजे टोबॅको कंपनीच्या १९१६ मधील खटल्यात समान अधिकार असलेले दोन संचालक एकमेकांशी बोलेनासे झाले होते; निरोप चिटणिसामार्फत जात. कंपनी नफ्यात होती, तरीही न्यायालयाने तिचे समापन योग्य ठरवले. कारण ती वस्तुतः दोघांची भागीदारीच होती आणि भागीदारीचा पाया असलेला विश्वास उरला नव्हता. मात्र आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या हिंद ओव्हरसीज खटल्यात हा उपाय सरसकट वापरू नये, असे सूचित केले. दुसरा वाजवी मार्ग उपलब्ध असताना अर्जदार विनाकारण समापनाचाच हट्ट धरत असेल, तर न्यायाधिकरण अर्ज नाकारू शकते. अन्यायग्रस्त भागधारकाचे भाग इतरांनी विकत घ्यावेत, असा आदेश कलम २४२ खाली मिळू शकतो.

वैद्यकाला हा क्रम परिचित आहे : आधी औषध, शस्त्रक्रिया शेवटी. म्हणून कंपनीच्या नियमावलीत तीन गोष्टी आरंभीच लिहून ठेवाव्यात. सदस्य बाहेर पडल्यास वा निवर्तल्यास त्याच्या भागांचे मूल्य कसे ठरेल, मते समसमान पडल्यास निर्णय कोण देईल, आणि रुग्णांच्या नोंदी कोणाच्या ताब्यात राहतील. मैत्री शाबूत असताना हे लेखन अवघड नसते. ती तुटल्यावर मात्र तेच काम वकिलांकडे जाते, आणि तोवर रुग्णालयातील खाटा रिकाम्या पडतात.