पदर खोचलेली नगरी

युक्रेनमधल्या ल्विव्ह शहराच्या मानचिन्हात तीन बुरुजांच्या वेशीत सोनेरी सिंह आहे. शहराचे नावच लेव्ह या राजपुत्रावरून पडलेले. लेव्ह म्हणजे सिंह.

आमच्या पिंपरी-चिंचवडला राजाने नाव दिले नाही. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका. वस्ती वाढली ती कारखान्यांच्या भोंग्यावर. पण बोधचिन्हाला ब्रीद लाभले: ‘कटिबद्धा जनहिताय’. त्यातले स्त्रीलिंगी रूप मला फार आवडते. महानगरपालिका ती, म्हणून ‘कटिबद्धा’. लोकांच्या हितासाठी पदर खोचून उभी राहिलेली घरधनीण!

सिंह पराक्रमाची आठवण देतो. ब्रीद हे वचन असते. पोटापाण्यासाठी गावोगावहून आलेल्यांना इथले नागरिक करते ते हेच वचन. त्याचा अर्थ मुलांना जरूर सांगावा. अर्थ कळला, की वचनाचा जाबही विचारता येतो.