पुलाला नेमकं झालंय काय?

कॉलेजला जाताना पुलाच्या पोटाला तांबूस ओघळ दिसलेत? आतली सळी गंजली असणार. गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. पण तो आला कशानं? इंजिनीअर ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात. हो, आपल्या बारावीच्या लॅबमधलंच! गुलाबी झालं, तर काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे. रंगच आला नाही, तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं तो गुण संपवलाय. आणि गुलाबी असूनही गंज? मग संशय मिठावर. काँक्रीटची भुकटी लॅबमध्ये जाते.

पणजीचा मांडवी पूल गंजानं पोखरला आणि ५ जुलै १९८६ला कोसळला. त्यानं विशीही गाठली नव्हती! म्हणून भेगेवर नुसतं प्लास्टर दिसलं, तर विचारा: आधी तपासलं होतं का?